जपानच्या आकाशांतील पगारी पाहुणे

शाळेंत इतिहास शिकवीत असतांना जपानच्या मेजी राजवटीचा पाठ आला म्हणजे मी एक गोष्ट हटकून सांगत असें. १८६८ नंतर जपाननें पाश्चात्य विद्या आत्मसात करण्यासाठीं परदेशांतून हजारों तज्ज्ञ पगार देऊन आणविले. जपानी भाषेंत त्यांना ‘ओयातोई गाइकोकुजिन’, म्हणजे पगारी परदेशी, असें नांव होतें. ओसाका येथील टांकसाळीचा इंग्रज प्रमुख टॉमस किंडर यास दरमहा १,०४५ येन मिळत. आणि त्याच काळीं राज्याचा सर्वोच्च मंत्री सांजो सानेतोमी याचा पगार होता ८०० येन! हे आंकडे फळ्यावर लिहिले कीं वर्गांत कुजबुज सुरू होई. एके वर्षीं मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, परक्याला आपल्या मंत्र्याहून जास्त पगार द्यावयाचा, याची त्या लोकांना लाज नाहीं का वाटली?”

मीं त्यास उत्तर दिलें तें असें. लाज वाटली नाहीं, कारण त्यांच्या दृष्टीनें ती गुरुदक्षिणा होती. प्रत्येक करारास मुदत होती. प्रत्येक परदेशी तज्ज्ञाच्या शेजारीं शिकणारे जपानी तरुण उभे होते. आणि ते तयार झाले कीं पाहुण्यास मानपान करून निरोप देण्यांत येई. १८७२ सालीं शिंबाशी ते योकोहामा ही जपानची पहिली आगगाडी धांवूं लागली, तेव्हां इंजिनावर इंग्रज चालक होते. १८७९ सालीं त्याच मार्गावर जपानी चालक इंजिन हांकूं लागले. सात वर्षांत विद्या घरांत आली.

उत्तर मुलास पटलें. मला मात्र पुढें वाचन वाढल्यावर असें दिसून आलें कीं तें अर्धेंच होतें. उरलेलें अर्धें मला सांपडलें तें जपानी विमानकंपन्यांनीं कंत्राटावर ठेविलेल्या परदेशी वैमानिकांच्या इतिहासांत. तोच आज तुमच्यापुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जपानी लोकांस विमान चालवितां येत नव्हतें, म्हणून त्यांनीं परके चालक आणिले, असें कोणास वाटेल. तसें मुळींच नाहीं. उड्डाणविद्येचे गुरु त्यांनीं फार पूर्वींच घरीं बोलाविले होते. १९१९ सालीं कर्नल फोर याच्या नेतृत्वाखालीं फ्रान्सचें एक पथक जपानी लष्करास शिकविण्यासाठीं आलें. १९२१ सालीं सेंपिल नांवाच्या ब्रिटिश वैमानिकाच्या हाताखालीं तिसेक माणसांचें पथक कासुमिगाउरा येथें जपानी नौदलास शिकवूं लागलें. शिष्य भराभर तयार झाले. एप्रिल १९३७ मध्यें इइनुमा आणि त्सुकागोशी या दोघा जपान्यांनीं एका वर्तमानपत्राच्या मालकीचें विमान टोकियोहून लंडनला चौऱ्याण्णव तासांहून थोड्या अधिक वेळांत नेलें. वाटेंत तें कलकत्त्यास आणि कराचीस उतरलें होतें. त्या विमानाचें नांव होतें ‘कामिकाझे’. या शब्दास पुढें महायुद्धांत जो भीषण अर्थ चिकटला, तो तेव्हां चिकटलेला नव्हता. पुढच्याच वर्षीं, मे १९३८ मध्यें, दुसऱ्या एका जपानी विमानानें कोठेंहि न उतरतां ११,६५१ किलोमीटर घिरट्या घालून जागतिक उच्चांक प्रस्थापित केला.

अशा देशाच्या हातून आकाश गेलें तें युद्धांतील पराभवानें. १८ नोव्हेंबर १९४५ रोजीं अमेरिकन सेनापतींच्या कचेरींतून एक हुकूम निघाला. त्या हुकुमान्वयें जपानी माणसानें विमान बाळगणें, बनविणें, चालविणें, इतकेंच नव्हे तर विमानविद्या शिकणें वा शिकविणें हें सर्व निषिद्ध ठरलें. विद्यापीठांतील विमानशास्त्राचे विभाग बंद पडले. ज्यांच्या नांवावर हजारों तासांचीं उड्डाणें होतीं, ते वैमानिक शेतीकडे वळले, मोटारी हांकूं लागले, मिळेल तें काम करूं लागले. एखाद्या गवयास सांगावें कीं यापुढें तूं गाऊं नकोस, आणि घरांत तानपुराहि ठेवूं नकोस, तशांतला हा प्रकार होता. आकाशांत विमानें जात होतीं; तीं सारीं परक्यांचीं होतीं.

सहा वर्षांनीं बंदी थोडी सैल झाली. जपानी लोकांनीं देशांतर्गत वाहतुकीसाठीं कंपनी काढावी, तिकिटें विकावीं, प्रवाशांची व्यवस्था पाहावी. पण विमानें आणि तीं चालविणारीं माणसें परदेशी कंपनीचींच असावींत, अशी अट होती. या अटीवर १ ऑगस्ट १९५१ रोजीं ‘जपान एअर लाइन्स’ ही कंपनी स्थापन झाली. २५ ऑक्टोबर १९५१ रोजीं तिचें पहिलें नियमित विमान टोकियोच्या हानेदा विमानतळावरून ओसाका व फुकुओकाकडे निघालें. तें ‘मार्टिन २०२’ जातीचें होतें आणि अमेरिकेच्या नॉर्थवेस्ट कंपनीकडून भाड्यानें घेतलेलें होतें. कप्तान अमेरिकन, दुय्यम वैमानिकहि अमेरिकन. जपानी काय होतें? कंपनीचें नांव, प्रवाशांस चहा देणारी परिचारिका आणि विमानाचें नांव. कंपनीनें आपल्या विमानांस ग्रहांचीं नांवें दिलीं होतीं. या पहिल्या विमानाचें नांव ‘मोकुसेइ’. मोकुसेइ म्हणजे आपण ज्यास गुरु म्हणतों तो ग्रह. नांव ठेवणाऱ्यांच्या मनांत आपल्या भाषेंतील श्लेष असणें शक्य नाहीं. पण मला शिक्षकास तो जाणवल्यावांचून राहत नाहीं.

या ‘गुरु’ची अखेर सहा महिन्यांच्या आंत झाली. ९ एप्रिल १९५२ च्या सकाळीं, पाऊसवाऱ्याच्या दिवशीं, तें हानेदाहून निघालें आणि कांहीं मिनिटांतच ओशिमा बेटावरील मिहारा या ज्वालामुखीच्या अंगावर आदळलें. आंत ३३ प्रवासी आणि चार कर्मचारी होते. सदतीसहि जण मृत्यु पावले. त्या दिवशीं प्रवासी सुखरूप असल्याची वार्ता प्रथम पसरली. नातेवाईकांच्या जिवांत जीव आला. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं डोंगरावर अवशेष दिसले. विमान इतक्या खालून कां गेलें? उड्डाणाची उंची ठरविणारें नियंत्रण त्या वेळीं अमेरिकन लष्कराच्या हातीं होतें. नियंत्रक आणि वैमानिक यांच्या संभाषणाची मूळ नोंद जपानी चौकशी मंडळास मिळाली नाहीं, आणि अपघाताचें कारण निर्विवादपणें कधींच ठरलें नाहीं. मात्सुमोतो सेइचो या प्रख्यात कादंबरीकारानें १९६० सालीं युद्धोत्तर काळांतील गूढ प्रकरणांवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत या अपघातास स्थान दिलें तें उगाच नव्हे. मेलेलीं बहुतेक माणसें जपानी, विमानाचें नांव जपानी. परंतु काय घडलें हें विचारण्याचा पुरा हक्क मात्र जपान्यांस नव्हता. माझ्या त्या विद्यार्थ्यानें ज्या लाजेविषयीं विचारलें होतें, ती कोठें होती असें मला कोणी विचारलें, तर मी येथें बोट ठेवीन. पगार देण्यांत ती नव्हती. प्रश्न विचारतां न येण्यांत ती होती.

त्या अपघातानंतर अवघ्या एकोणीस दिवसांनीं, २८ एप्रिल १९५२ रोजीं, शांतता तह अमलांत आला आणि जपान पुन्हां स्वतंत्र झाला. त्याच वर्षीं जुलैमध्यें हवाई वाहतुकीचा कायदा झाला आणि ऑक्टोबरांत कंपनीनें स्वतःचीं चार इंजिनांचीं ‘डीसी-४’ विमानें उडविण्यास प्रारंभ केला. आतां बंधन कायद्याचें नव्हतें, तरी परदेशी कप्तान राहिलेच. कारण सात वर्षांचा खंड पडला होता. त्या सात वर्षांत विमानविद्या किती तरी पुढें गेली होती. नवीं यंत्रें, नव्या रेडिओखुणांवरून धुक्यांत उतरण्याची नवी पद्धति, आणि सर्व संभाषण इंग्रजींत! ज्यांच्या बांधवांनीं पंधरा वर्षांपूर्वीं अर्ध्या जगास वळसा घातला, त्यांना शेजारच्या खुर्चींत बसून पुन्हां मुळाक्षरें गिरवावीं लागलीं.

२ फेब्रुवारी १९५४ रोजीं जपानी कंपनीचें पहिलें आंतरराष्ट्रीय विमान टोकियोहून वेक बेट आणि होनोलुलु या मार्गानें सॅन फ्रान्सिस्कोला गेलें. विमानाचें नांव ‘सिटी ऑफ टोकियो’, चालक अमेरिकन. आणि ही गोष्ट कंपनीनें लपविली नाहीं, उलट जाहिरातींत ठळकपणें सांगितली. आमचे चालक अमेरिकन आहेत, आमच्या विमानांची देखभालहि अमेरिकन कंपनी करते, हें वाचून प्रवाशास धीर येई. आपल्या दुकानावर दुसऱ्याच्या नांवाची पाटी लावून गिऱ्हाईक मिळवावें, तशी ही स्थिति होती. पण व्यापारांत हट्टापेक्षां हिशेब मोठा असतो, आणि हिशेब कंपनीस कळत होता.

हा हिशेब सोपा नव्हता. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरचा भाव ३६० येन असा बांधलेला होता. अमेरिकन वैमानिकाचा पगार अमेरिकन मानानें ठरे, आणि तो येनांत मोजला कीं शेजारीं बसलेल्या जपानी सहकाऱ्याच्या पगाराच्या अनेक पट भरे. किंडर आणि सांजो यांची जोडी पुन्हां अवतरली. फरक इतकाच कीं आतां ते दोघे एकाच कोठडींत, हातभर अंतरावर बसत होते.

या कंत्राटाची रचनाहि समजून घेण्यासारखी आहे. पुष्कळदां असा वैमानिक जपानी कंपनीचा थेट नोकर नसे. वैमानिक पुरविणें हाच ज्यांचा धंदा, अशा मध्यस्थ कंपन्या होत्या; कॅलिफोर्नियांतील ‘इंटरनॅशनल एअर सर्व्हिस कंपनी’ ही त्यांपैकीं फार जुनी. करार मध्यस्थाशीं, काम जपानी कंपनीचें, परवाना जपानी सरकारचा. स्वदेशींचा परवाना कितीहि मोठा असो, जपानी विमान चालवावयाचें तर जपानच्या हवाई खात्याची परीक्षा द्यावी लागते आणि त्यांची कडक वैद्यकीय तपासणी पार पाडावी लागते. चाळीस-पन्नास वर्षांचा, केस पिकूं लागलेला कप्तान पुन्हां विद्यार्थी होऊन परीक्षेस बसतो, हें दृश्य मला शिक्षकास मोठें गमतीचें वाटतें. कराराची मुदत संपली कीं नूतनीकरण कंपनीच्या मर्जीवर. निवृत्तीपर्यंत एका कंपनींत राहण्याची, वयाप्रमाणें मानानें वर चढण्याची जी जपानी रीत, ती या पाहुण्यास लागू नव्हती. पगार मोठा, पण पाय दारांतच.

मग जपाननें आपलीं माणसें तयार केलीं नाहींत काय? अवश्य केलीं. १९५४ सालीं मियाझाकी येथें सरकारी वैमानिक महाविद्यालय निघालें. कंपनीनें आपल्या तरुणांस अमेरिकेंत पाठविलें. १९६८ पासून वॉशिंग्टन राज्यांतील मोझेस लेक येथें जेट विमानांचें शिक्षण सुरू झालें, आणि पुढें कॅलिफोर्नियांतील नापा येथें प्राथमिक शिक्षणाचें केंद्र चाललें. देशांत जागा अपुरी आणि आकाश गजबजलेलें. म्हणून शाळाच परदेशांत नेली. पण मागणी शिक्षणापेक्षां वेगानें धांवत होती. १९६० सालीं जेट विमानें आलीं. १९६४ च्या एप्रिलपासून सामान्य जपान्यास हौसेखातर परदेशप्रवास करण्याची मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षीं टोकियोस ऑलिंपिक सामने भरले. विमान पैसे मोजून वर्षा-दोन वर्षांत मिळतें. कप्तान तयार होण्यास किती तरी वर्षें लागतात. हें अंतर भरून काढण्याचा एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे तयार माणूस कंत्राटावर आणणें.

वाढीचा वेग आणि माणसांची तयारी यांची जोडी नेहमींच जमली असें नाहीं. १९७२ हें साल कंपनीस फार वाईट गेलें. १४ जूनला दिल्लीजवळ आणि २८ नोव्हेंबरला मॉस्को येथें तिच्या विमानांस भीषण अपघात झाले. या दोहोंच्या मध्यें, २४ सप्टेंबरला, मुंबईंत तिचें एक विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आंखूड धावपट्टीवर उतरलें आणि पट्टी संपल्यावरहि पुढें गेलें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. विमान मात्र कायमचें निकामी झालें. मी तेव्हां शाळकरी होतों, आणि एवढें मोठें विमान चुकून जुहूला उतरलें या बातमीची आम्हां मुलांत कित्येक दिवस चर्चा चालली होती, हें मला आठवतें.

तोंपर्यंत कॉकपिटांतील खुर्च्यांची अदलाबदल होऊं लागली होती. २२ नोव्हेंबर १९६८ रोजीं टोकियोहून निघालेलें एक ‘डीसी-८’ सॅन फ्रान्सिस्कोला धुक्यांत उतरत असतां धावपट्टीच्या सुमारें अडीच मैल अलीकडे, उपसागराच्या उथळ पाण्यांत टेकलें. या वेळीं कप्तान होते कोहेई आसो हे जपानी, आणि त्यांचे दुय्यम होते जोसेफ हेझन हे अमेरिकन. विमानांतील १०७ माणसांपैकीं एकाच्याहि जिवास धोका पोहोंचला नाहीं. नव्या स्वयंचलित यंत्रणेची पुरेशी ओळख नसणें आणि ठरलेली कार्यपद्धति नीट न पाळणें, असें कारण चौकशींत निघालें. कप्तान आसो यांनीं आडपडदा न ठेवतां ‘चूक माझीच’ असें सांगून टाकिलें, अशी आख्यायिका आजहि व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितली जाते. त्यांचा दर्जा उतरविण्यांत आला, पण त्यांना घरीं बसविलें नाहीं. ते पुन्हां विमानांत बसले. तें विमानहि दुरुस्त होऊन पुन्हां उडालें.

आतां मी त्या प्रसंगाकडे येतों, ज्यामुळें माझें जुनें उत्तर मला अर्धें वाटूं लागलें.

१३ जानेवारी १९७७ ची पहाट. अलास्कांतील अँकोरेज विमानतळ. धुकें आणि हाडें गोठविणारी थंडी. मोझेस लेकहून ५६ गुरें घेऊन आलेलें जपानी कंपनीचें एक मालवाहू ‘डीसी-८’ टोकियोकडे निघावयाचें होतें. येथें चालक बदलले. नवा कप्तान अमेरिकन, वय ५३. त्याचा दुय्यम आणि विमानांतील यंत्रज्ञ असे दोघे तरुण जपानी. शिवाय गुरें सांभाळणारे दोघे. कप्तानास आणणाऱ्या टॅक्सीच्या चालकास त्याची लक्षणें ठीक दिसलीं नाहींत. त्यानें तसें आपल्या कचेरीस कळविलें, आणि कचेरीनें विमानतळावरील संबंधित माणसासहि कळविलें. तेथें मात्र कोणास कांहीं वावगें दिसलें नाहीं. विमान हललें, धुक्यांत कप्तानास धावपट्टी सांपडेना. अखेर सांपडली. विमानानें जमीन सोडली, आणि थोडें वर चढतांच तोल जाऊन तें कोसळलें. पांचहि माणसें आणि सारीं गुरें ठार झालीं. कप्तानाच्या रक्तांत मद्याचें प्रमाण मोटार चालविण्यासहि कायद्यानें मनाई असलेल्या प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट होतें. पंखांवर बर्फ धरल्यानें संकट वाढलें असावें, असेंहि चौकशीच्या अहवालांत म्हटलें आहे. परंतु त्या अहवालांतील एक वाक्य माझ्या मनांत घर करून बसलें आहे. त्याचा आशय असा कीं कप्तानास उड्डाण करूं न देणें इतर चालकांच्या हातीं होतें, आणि त्यांनीं तें केलें नाहीं, हेंहि या अपघाताचें एक कारण होय.

श्रोतेहो, ते दोघे जपानी तरुण मूर्ख नव्हते. शेजारीं बसलेल्या माणसाच्या तोंडाचा वास त्यांना आला नसेल, धुक्यांत चुकणारीं वळणें त्यांना दिसलीं नसतील, असें म्हणवत नाहीं. मग ते कां बोलले नाहींत? त्या कोठडींत काय झालें हें सांगण्यास कोणी उरलें नाहीं. मी तर्कच करूं शकतों. कप्तान वयानें मोठा, अनुभवानें मोठा, आणि परका. त्याला थांबवावयाचें तर त्याच्याच भाषेंत, त्याच्या तोंडावर, ‘आपण विमान चालविण्याच्या स्थितींत नाहीं’ असें म्हणावयास हवें होतें. घरच्या वडीलधाऱ्यास असें म्हणणें कठीण. पाहुण्यास त्याहून कठीण. गुरूस तर फारच कठीण. मेजी काळापासून ज्या आदरानें जपाननें परक्यांकडून विद्या घेतली, तोच आदर कदाचित् त्या पहाटे दोघांच्या ओठांवर बसला असेल.

हा तर्क मी जपान्यांस दोष देण्यासाठीं करीत नाहीं. तो मला सुचला तो माझ्या स्वतःच्या वर्गांत घडलेल्या एका गोष्टीवरून. एकदां फळ्यावर सनावळी लिहितांना मीं खर्ड्याच्या लढाईपुढें १७९५ ऐवजीं १७९४ लिहिलें. चाळीस मुलांनीं तें मुकाट्यानें उतरून घेतलें. सहामाही परीक्षेंत उत्तरपत्रिका तपासतांना एकोणचाळीस ठिकाणीं १७९४ दिसलें आणि एका ठिकाणीं १७९५. प्रथम मीं त्या एकाचाच गुण कापला. मग शंका येऊन पुस्तक उघडलें, आणि खालीं बसलों. दुसऱ्या दिवशीं त्या मुलास बोलावून विचारलें, “तुला खरें साल ठाऊक होतें, मग त्याच वेळीं कां बोलला नाहींस?” तो खालीं पाहत म्हणाला, “गुरुजी, तुमची चूक कशी काढावयाची?” तोंवर माझ्या वर्गांत टांचणी पडली तरी ऐकूं येते, याचा मला फार अभिमान होता. त्या दिवसानंतर ती शांतता मला पूर्वींसारखी गोड वाटली नाहीं. माझ्या चुकीनें एका मुलाचा एक गुण गेला होता, आणि तो परतहि करतां आला. अँकोरेजच्या धावपट्टीवर परत करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

त्या काळांत असे इतरहि अपघात घडले, त्यांवरून जगभरचे तज्ज्ञ विचार करूं लागले. १९७९ सालीं अमेरिकेंत ‘नासा’ संस्थेनें या प्रश्नावर एक परिषद भरविली. आणि कनिष्ठानें वरिष्ठास वेळींच कसें टोकावें, व वरिष्ठानें तें कसें ऐकून घ्यावें, याचें रीतसर शिक्षण वैमानिकांस देण्याची प्रथा तेथून पडत गेली. बोलावयास शिकविणें हाहि उड्डाणविद्येचा भाग आहे, हें विमानें बनूं लागल्यानंतर पाऊणशें वर्षांनीं माणसास उमगलें.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. विद्या घरांत आली, जपानी कप्तान हजारोंनीं झाले. तरी परदेशी वैमानिकांचें प्रयोजन संपलें नाहीं, फक्त बदललें. पूर्वीं ते शिकविण्यासाठीं होते, आतां खर्च कमी ठेवण्यासाठीं आणि उणीव भरून काढण्यासाठीं आले. जपान एअर लाइन्सनें ‘जॅलवेज’ या नांवानें १९९९ पासून एक उपकंपनी चालविली. होनोलुलुसारख्या हौशी प्रवाशांच्या मार्गांवर तिचीं विमानें परदेशी चालक नेत असत. जानेवारी २०१० मध्यें मूळ कंपनीचें दिवाळें वाजलें, डिसेंबरांत उपकंपनी विलीन झाली, आणि कंत्राटी पाहुण्यांस निरोप मिळाला. घर बुडूं लागलें कीं पाहुणा प्रथम बाहेर पडतो, हें खरें. पण त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीनें आपल्या स्वतःच्या ८१ वैमानिकांसहि काढून टाकिलें, हेंहि विसरतां येत नाहीं. आणि चारच वर्षांनीं, २०१४ सालीं, ‘पीच’ नांवाच्या एका नव्या स्वस्त विमानकंपनीस कप्तान पुरेनात, म्हणून दोन हजारांहून अधिक उड्डाणें रद्द करण्याचें जाहीर करावें लागलें. २०१५ मध्यें सरकारनें वैमानिकांची वयोमर्यादाहि वाढविली. एकदां माणसें जास्त, एकदां कमी. कंत्राटी वैमानिकाचें आयुष्य या भरतीओहोटीवर तरंगत असतें.

याच काळांतला एक लहानसा प्रसंग सांगून मी आटोपतें घेतों. फेब्रुवारी २०१० मध्यें ‘स्कायमार्क’ या जपानी कंपनीचें विमान हानेदाहून फुकुओकास निघावयाचें होतें. कप्तान परदेशी होता. विमानांतील एका परिचारिकेचा घसा बसला असून तिला धड बोलवत नाहीं, असें त्याच्या ध्यानांत आलें. संकट आलें तर ही प्रवाशांस सूचना कशी देणार, असा विचार करून त्यानें तिच्या जागीं दुसरी परिचारिका द्या, नाहीं तर विमान नेणार नाहीं, असें सांगितलें. कंपनीच्या प्रमुखांनीं परिचारिका बदलली नाहीं. कप्तानच बदलला, आणि त्याची नोकरीहि संपविली. पुढें सरकारी खात्यानें चौकशी करून कंपनीस कडक समज दिली. सुरक्षिततेचा निर्णय कप्तानाचा असतो, त्यांत मालकानें हात घालतां कामा नये, हें तत्त्व त्यानें पुन्हां अधोरेखित केलें. परंतु तो कप्तान त्या दिवशीं विमानांतून उतरला तो उतरलाच.

अँकोरेज आणि हानेदा हे दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. एका ठिकाणीं पगारी पाहुणा चुकत होता आणि घरचीं माणसें ‘थांबा’ म्हणालीं नाहींत. दुसऱ्या ठिकाणीं पाहुणाच ‘थांबा’ म्हणाला, आणि घरानें त्यास दार दाखविलें. तेहतीस वर्षांचें अंतर. पण चूक एकच. पैसे देऊन परक्याचें कौशल्य घरांत आणतां येतें. त्याजपाशीं बसून तें शिकतांहि येतें. जपाननें तें दोनदां करून दाखविलें, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु ‘हें चुकत आहे’ असें निर्भयपणें म्हणण्याचा अधिकार कोणत्याहि करारनाम्यांत लिहून विकत मिळत नाहीं. तो घरानें आपल्या लहानांस द्यावा लागतो, पाहुण्यास द्यावा लागतो, आणि दिल्यावर त्याचा राग न धरतां पाळावा लागतो.

मागच्या बांकावरून उठलेल्या त्या मुलास मीं दिलेलें उत्तर असें पुरें करावयाचें आहे. त्या दिवशीं त्याच्या प्रश्नाचें मला कौतुक वाटलें होतें, पण तें मीं बोलून दाखविलें नाहीं. ‘बस खालीं’ एवढेंच म्हणालों. आज तो कोठेंहि असो, नभोवाणीवरून त्यास सांगतों: बाबा, तूं विचारलेंस हें फार चांगलें केलेंस.